बेगड आणि बेगडीपणा

“बेगडी” हे विशेषण आपल्या भाषेत निंदेसाठीच वापरले जाते. बेगडी प्रेम, बेगडी विद्वत्ता, बेगडी देशभक्ती असे कोणी म्हटले, म्हणजे ऐकणारास अर्थ विचारावा लागत नाही. जे वरून झगमगते व आतून पोकळ असते ते बेगडी, हे लहान मूलही जाणते. परंतु ज्या वस्तूवरून हा शब्द आला, ती बिचारी बेगड खरोखर एवढ्या निंदेस पात्र आहे काय, ह्याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. तो आज करावा असे आम्ही योजिले आहे. विषय दिसण्यात क्षुल्लक आहे. पण लग्नसराईत गावोगावी त्यावरून मने दुखावतात, घरोघरी कर्जे होतात, आणि दूर कोठेतरी कोणाची तरी दृष्टी मंद होते. तेव्हा क्षुल्लक म्हणून तो सोडून देता येत नाही.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. बेगड म्हणजे हलक्या धातूचा, कागदासारखा पातळ, रंगीत व चकचकीत पत्रा. नवरदेवाच्या बाशिंगास, मोहरमच्या ताबुतास, गणपतीच्या मखरास ती चिकटवीत. जे काम कागदावर व लाकडावर बेगड करी, तेच काम कापडावर टिकली करते. कोणी तिला चमकी म्हणतात. जरीकाम करणारे कारागीर तिला सितारा म्हणतात. चपटी, वाटोळी, दोरा ओवण्यापुरते भोक असलेली ही इवलीशी चकती. पूर्वी धातूच्या तारेची बारीक कडी करून ती ऐरणीवर हातोड्याने चेपीत, म्हणजे मध्ये भोक राहिलेली टिकली तयार होई. 1930 च्या सुमारास पाश्चात्य देशांत जिलेटिनच्या टिकल्या निघाल्या. त्या पाण्याने भिजल्या किंवा फार तापल्या तर विरघळून जात. आज बहुतेक टिकल्या प्लास्टिकच्या असतात. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवितात, आणि यंत्राने त्याच्या चकत्या पाडतात. मूठभर टिकल्यांस एका चहाएवढेही मोल पडत नाही.

टिकलीची ही हौस आजकालची आहे असे मात्र कोणी समजू नये. 1922 साली मिसर देशात तूतानखामेन राजाची कबर सापडली. तीत ठेविलेल्या त्याच्या वस्त्रांवर सोन्याच्या बारीक चकत्या शिवलेल्या होत्या. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ते काम. म्हणजे मनुष्य वस्त्र विणावयास शिकला, आणि पुढे ते चमकावे असेही त्यास वाटू लागले. ही इच्छा राजाच्या ठायी होती, तशीच ती आज बाजारात दहा ठिकाणी भाव करून परकर-पोलके घेणाऱ्या मजूर बाईच्या ठायीही आहे. राजास सोने मिळाले, तिला प्लास्टिक मिळाले, एवढाच भेद.

आता तिच्या नावांकडे पाहू, कारण लोक एखाद्या वस्तूविषयी काय समजतात हे तिच्या नावांवरून कळते. सितारा हा शब्द फारशी आहे, व त्याचा अर्थ तारा. फ्रेंच लोक टिकलीस ‘पायेत’ म्हणतात. तो शब्द त्यांच्या भाषेतील गवताच्या वाळल्या काडीच्या नावापासून झाला आहे. स्पॅनिश लोक तिला ‘लेंतेखुएला’ म्हणतात, म्हणजे मसुरीचा लहानसा दाणा. एकाने आकाशातील तारा पाहिला, दुसऱ्याने खळ्यातील काडी पाहिली, तिसऱ्याने स्वयंपाकघरातील डाळ पाहिली. ह्यांत निंदा कोठेच नाही. इंग्रजीत मात्र बेगडीस जो ‘टिन्सेल’ शब्द आहे, तो मूळचा ठिणगी ह्या अर्थाचा असूनही पुढे दिखाऊ व हलक्या वस्तूस लावू लागले. ह्या बाबतीत ती भाषा आणि आपली भाषा एकाच वाटेने गेल्या.

सर्वांत विचार करण्याजोगे नाव इंग्रजी ‘सीक्विन’ हे होय. ते मूळचे एका सोन्याच्या नाण्याचे. नाणे पाडण्याच्या ठशास अरबी भाषेत ‘सिक्का’ म्हणतात. आपल्या मराठीतील शिक्का तो हाच. इटलीत त्यावरून टांकसाळीस ‘झेक्का’ हे नाव पडले, आणि व्हेनिस शहराच्या टांकसाळीतून निघणाऱ्या सोन्याच्या नाण्यास पुढे ‘झेक्किनो’ म्हणू लागले. फ्रेंचांनी त्याचे ‘सेकें’ केले, इंग्रजांनी ते ‘सीक्विन’ म्हणून उचलले. हे नाणे प्रथम 1284 साली पाडण्यात आले. त्याचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, आणि सोने त्या काळी शुद्ध करता येईल तितके शुद्ध. 1797 साली व्हेनिसचे प्रजासत्ताक नेपोलियनच्या हातून बुडेपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षे, त्या नाण्याचे वजन व कस ही जवळजवळ जशीच्या तशी राखली गेली. म्हणून तांबड्या समुद्राच्या वाटेने येणारा व्यापारी ते पुढे करी, तेव्हा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सराफ त्यास नाही म्हणत नसे. राज्य गेले, नाणे गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेच नाव इंग्रजी बोलणाऱ्यांनी पोशाखावरील टिकलीस लावले. एके काळी ज्या नावाने जगातील चोख सोने ओळखले जाई, त्या नावाने आज प्लास्टिकची चकती ओळखली जाते.

हेच नाणे आपल्या देशातही आले होते, आणि येथे त्याचे नशीब निराळे निघाले. त्याच्या एका बाजूस व्हेनिसचा अधिपती संत मार्कापुढे गुडघे टेकून निशाण स्वीकारीत आहे, आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबवर्तुळात आशीर्वाद देणारा ख्रिस्त उभा आहे, अशी चित्रे असत. हे राज्य ख्रिस्ताचे असून त्यासच अर्पण असो, अशा अर्थाचा लॅटिन लेखही त्यावर असे. आपल्या लोकांस तो लेख वाचता येत नव्हता. त्यांनी त्या उभ्या, सडपातळ आकृती पाहिल्या आणि नाण्यास पुतळी म्हटले. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची यादी आहे, तीत होनांच्या व मोहरांच्या जोडीस पुतळ्याही आहेत. बायकांनी त्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या. नाणी मिळेनाशी झाली तेव्हा सोनारांनी त्याच घडणीच्या चकत्या पाडल्या, कोणी त्यांवर लक्ष्मी उठविली. आणि पुतळ्यांची माळ आजही सराफाच्या दुकानात मिळते. पाश्चात्य देशांत सोन्याचे नाव टिकलीस गेले; महाराष्ट्रात नाण्याचे नाव गेले तरी दागिना सोन्याचाच राहिला.

हा इतिहास आम्ही विस्ताराने सांगितला, कारण आमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. प्रश्न असा: जी वस्तू चमकते परंतु मौल्यवान नाही, ती खोटी होय काय?

नाणे खोटे असू शकते. का? तर नाण्यावर शिक्का असतो, आणि शिक्का म्हणजे वचन. आत इतके सोने आहे, ते इतक्या कसाचे आहे, हे ज्याने पाडले त्याचे नाव घेऊन नाणे सांगत असते. पितळेच्या चकतीवर तो शिक्का मारला, तर वचन दिले आणि मोडले, असे झाले. खोट्या नाण्यातील पितळ खोटे नसते. पितळ हे चांगले, उपयोगी धातू आहे. त्याच पितळेच्या घागरीस कोणी खोटी म्हणत नाही. तेथे खोटा असतो तो शिक्का. आता टिकली पाहा. टिकलीवर शिक्का नाही. तिने कोणास काही वचन दिलेले नाही. मी सोने आहे असे ती म्हणत नाही, मला विकून संकटात निभावून न्या असेही म्हणत नाही. ती दिव्यापुढे आली म्हणजे चमकते, दिवा मालवला म्हणजे चमकत नाही. आपला स्वतःचा उजेड आहे असाही तिचा दावा नाही. जिने काही सांगितलेच नाही, तिला खोटी कशी म्हणावी?

कोणी म्हणतील, टिकली मुखाने बोलत नसली तरी सोन्याचे सोंग तर आणतेच ना? ह्यास आमचे उत्तर असे की सोंग आणि फसवणूक ह्यांत भेद आहे. नाटकातील राजाच्या अंगरख्यावर टिकल्या असतात, आणि पाहणारा प्रत्येक मनुष्य जाणतो की हा आपल्या शेजारच्या गावचा शिंपी आहे. कोणी फसत नाही, म्हणून कोणी रागावतही नाही. उद्या तोच शिंपी तो अंगरखा घालून सावकाराकडे गेला, आणि मी संस्थानिक आहे असे म्हणून कर्ज मागू लागला, तर मात्र तो लबाड ठरेल. अंगरखा तोच, टिकल्या त्याच. फिरला तो बोलणारा. जरीचे पाहा. सुरतेस तीन प्रकारची जर होते. एकीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो, दुसरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा थर देऊन वर मुलामा असतो, तिसरी प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची असते. तिन्ही उघडपणे होतात, तिन्ही उघडपणे विकल्या जातात, आणि ज्याला जी परवडते ती तो घेतो. ह्या तिघींत खोटी एकही नाही. पण दुकानदार तिसरी दाखवून पहिलीचे दाम घेतो, तेव्हा खोटेपणा जन्मास येतो; आणि तो तारेत नसून त्या दुकानदाराच्या जिभेवर असतो.

आपल्यात एक म्हण आहे: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ती ऐकून आपण हसतो. परंतु कोणास हसतो ह्याचा विचार करावा. सोनुबाईने आपले नाव आपण ठेविले नाही. तिच्या आईने ते कौतुकाने ठेविले. कथलाचा वाळा ती सोन्याचा म्हणून कोणास दाखवीत नाही. तो कथलाचा आहे हे तिला, सोनारास व साऱ्या गावास ठाऊक आहे. तिने कोणास फसविले नाही. तिच्या हातून काही अपराध झाला असेल तर तो दारिद्र्याचा. मग ही म्हण ढोंगाची थट्टा करते, की गरिबीची? आमच्या मते पुष्कळदा आपण दुसरी थट्टा पहिलीच्या नावावर खपवितो. लग्नाच्या मांडवात चमकीची साडी नेसून आलेल्या मुलीकडे पाहून “काय हा भपका!” असे म्हणणाऱ्या बायकांच्या अंगावर कधी कधी तिच्या साडीच्या शंभरपट मोलाचे सोने असते. शंभरपट सोने हा भपका नाही, आणि चार टिकल्या हा भपका आहे, हा कोठला न्याय?

भपक्यास आळा घालण्याचे प्रयत्न राजसत्तांनीही केले आहेत, आणि त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. ज्या व्हेनिसचे ते सोन्याचे नाणे, त्याच व्हेनिसने सोळाव्या शतकाच्या आरंभी पोशाखातील व मेजवान्यांतील डामडौलावर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले. इंग्लंडात 1574 साली एलिझाबेथ राणीने जाहीरनामा काढून कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते वस्त्र वापरावे, भरजरी कापड कोणी अंगावर घालू नये, हे ठरवून दिले. काटकसर व्हावी असा हेतू ह्यांत सांगितला जाई, आणि तो काही अंशी खराही असेल. पण नियमांचा रोख पाहिला तर चमकण्यास बंदी नव्हती. खालच्याने चमकण्यास बंदी होती. आमच्या देशास हे इंग्लंडाकडून शिकण्याची गरज नव्हती. कोणी कोणता दागिना घालावा, कोणी कोणत्या धातूचे भांडे वापरावे, कोणी पदर कसा घ्यावा, हे येथे जातीने ठरविले होते. म्हणूनच डिसेंबर 1927 मध्ये महाडास डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्रियांस जो उपदेश केला, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. गळ्यातील व हातांतील ज्या जड, हलक्या धातूच्या दागिन्यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते ते टाकून द्या, आणि लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसा, असे त्यांनी सांगितले. त्यांनी दागिन्याचे मोल पाहिले नाही. तो दागिना अंगावरून काय बोलतो हे त्यांनी पाहिले. कथलाच्या ज्या वाळ्याची म्हण थट्टा करते, तो कित्येकींच्या हातात हौसेने आला नव्हता. तो एक शिक्का होता, आणि दुसऱ्यांनी मारलेला होता.

तेव्हा बेगडीवरचा आरोप आम्ही काढून घेतो. परंतु आरोप काढून घेतला म्हणजे बेगडीपणा जगातून गेला असे नव्हे. तो कोठे राहतो हे आता शोधले पाहिजे, आणि शोधताना आपणांस अवघड वाटेल अशा ठिकाणीही पाहिले पाहिजे.

पुन्हा त्या व्हेनिसच्या नाण्याकडे वळू. त्याच्या सोन्यात खोट नव्हती. त्याच्या वजनात उणे नव्हते. त्यावर पवित्र चित्र होते, आणि राज्य ख्रिस्ताचे आहे अशी कबुलीही होती. त्याच नाण्याने मिरी घेतली जाई, कापड घेतले जाई. आणि चौदाव्या व पंधराव्या शतकांत त्याच नाण्याने त्या शहरात माणसेही विकत घेतली जात. काळ्या समुद्राच्या बाजूने धरून आणलेल्या मुलामुलींची किंमत त्या चोख सोन्यात मोजून दिली जाई. देणाऱ्याच्या बोटांखाली ते पवित्र चित्र होते, आणि समोर एक रडणारे मूल होते. वाचकहो, बेगडी म्हणून जर ह्या जगात काही असेल, तर ते हे होय. येथे सोने शुद्ध, शिक्का खरा, आणि व्यवहार पोकळ. प्लास्टिकच्या टिकलीकडून एवढा मोठा खोटेपणा कधी झालेला नाही. बेगडीपणा वस्तूच्या कसावर अवलंबून नसतो हे ह्यावरून सिद्ध होते. वर दाखविलेले आणि आत केलेले ह्यांची जेथे फारकत होते, तेथे तो असतो. मग वर सोने असो, बेगड असो, की काहीच नसो.

“काहीच नसो” असे आम्ही मुद्दाम म्हणतो. साधेपणाही बेगडी होऊ शकतो. स्वच्छ पांढरे वस्त्र नेसून, अंगावर गुंजभर सोने न ठेवता, एखादा मनुष्य आपल्या साधेपणाकडे लोकांचे लक्ष लागून राहिले आहे ना, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत असतो. उपदेशकाच्या पांढऱ्या अंगरख्यास हा धोका विशेष आहे. टिकली दुरून दिसते, म्हणून ती निदान लपत तरी नाही. हा साधेपणा लपून चमकत असतो.

आता टिकलीच्याच बाबतीत वर एक आणि आत एक असे काही आहे काय? आहे. भरतकाम केलेले कापड हातात घेऊन उलटे करावे. वरच्या बाजूस झगमगाट. खालच्या बाजूस दोऱ्यांचे टाके, गाठी, सुटलेली टोके. ज्या हातांनी हे टाके घातले, त्या हातांची गोष्ट त्या खालच्या बाजूस आहे. लखनौ, बरेली, मुंबई अशा शहरांत आरीचे व जरदोजीचे काम चालते. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवितात, तिच्याभोवती कारागीर जमिनीवर बसतात, आणि टोकाशी आकडा असलेल्या आरीने एकेक टिकली टाचतात. दिवसाचे कित्येक तास मान खाली व नजर एका बिंदूवर. पाठ धरते, डोळ्यांतून पाणी येते, आणि चाळिशीच्या आत सुईचे भोक दिसेनासे होते असे पुष्कळ कारागीर सांगतात. बारीक बोटे ह्या कामास सोयीची म्हणून मुलांनाही त्यात जुंपीत. 2005 साली मुंबईतील जरीच्या कारखान्यांवर छापे घालण्यात आले, तेव्हा दूरच्या प्रांतांतून आणलेली लहान मुले मोठ्या संख्येने तेथून सोडविण्यात आली. धोक्याच्या कामांत मुलांस लावण्यास बंदी करणारा कायदा 1986 चा. 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांस, घरच्या धंद्यातील शाळेबाहेरची मदत व काही ठरावीक अपवाद वगळता, सर्वच कामांस लावणे गुन्हा ठरले. कायदा झाला हे चांगले झाले. पण कायद्याचे डोळे माळ्यावरच्या बंद खोलीत नेहमी पोहोचतातच असे नाही. एखादे भरजरी वस्त्र आश्चर्य वाटावे इतके स्वस्त मिळते, तेव्हा त्याची उरलेली किंमत कोणी तरी आपल्या डोळ्यांनी भरली असण्याचा संभव असतो.

दुसरी खालची बाजू आपल्याच घरात आहे. एका दिवसाच्या मांडवासाठी, रोषणाईसाठी, दोन वेळा नेसावयाच्या शालूसाठी, पुढच्या तीन हंगामांचे उत्पन्न गहाण पडते. येथे दोष टिकलीस देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि तो नवऱ्या मुलीच्या माथी मारणे त्याहून सोपे आहे. पण हिशेब मांडून पाहावा. मुलीच्या पदरावरील चमकीने घर बुडाले असे आम्ही कोठे ऐकिले नाही. घर बुडते ते बापाच्या प्रतिष्ठेने, वरपक्षाच्या मागणीने, आणि “लोक काय म्हणतील” ह्या भयाने. आम्ही सुस्थितीत आहो असा शिक्का कर्जाच्या पितळेवर मारून तो पाहुण्यांपुढे वाजवून दाखविणे, हे खोटे नाणे पाडणेच होय. येथे वचन आहे, आणि ते मोडलेले आहे. ते पाडणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांच्या अंगावर एकही टिकली नसते.

तिसरी बाजू अलीकडे दिसू लागली आहे. धातूची टिकली झिजली तर वितळवून पुन्हा उपयोगी पडे. प्लास्टिकची टिकली एकदा गळली की ती मातीत व पाण्यात जाते आणि कुजत नाही. युरोपीय संघाने 2023 च्या ऑक्टोबरात प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली ती ह्याच कारणास्तव. आपल्या ओढ्यांत व विहिरींच्या काठी पडलेली चमक कोणाच्या डोळ्यांस सुख देत नाही. जी वस्तू एका संध्याकाळसाठी घेतली आणि नातवंडांच्या शेतात राहिली, ती स्वस्त होती असे म्हणणे अवघड आहे.

ह्या सर्वांचा सारांश आम्ही असा काढतो. चमकणारी वस्तू अंगावर घालावी की न घालावी, हा धर्माधर्माचा प्रश्न नव्हे. ज्या स्त्रीचा सारा दिवस मातीत, शेणात व धुरात जातो, तिला वर्षातून दोन दिवस ताऱ्यांसारखे काही अंगावर असावे असे वाटले, तर त्यात पाप पाहणारा मनुष्य तिच्या उरलेल्या तीनशे त्रेसष्ट दिवसांकडे पाहत नाही. तिच्या त्या आनंदावर बेगडी हा शब्द फेकू नये. मात्र चमकीस हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनाशी तीन प्रश्न करावेत. हे घालून मी कोणास काही खोटे सांगत आहे काय? ह्याची किंमत माझ्याखेरीज दुसऱ्या कोणी, कळत वा नकळत, भरली आहे काय? आणि माझा आनंद ओसरल्यावर ह्याचे ओझे कोणावर पडणार आहे? तिन्हींची उत्तरे निर्मळ असतील तर टिकली प्लास्टिकची असली तरी ती चोख आहे. एकाचे उत्तर डागाळलेले असेल तर पुतळ्यांची माळ बावनकशी असली तरी ती बेगडी आहे.

ह्यावरून काही गोष्टी करण्यासारख्या आहेत, आणि त्या कोणत्याही गावास अशक्य नाहीत. लग्न ठरविताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी प्रथम खर्चाचा आकडा ठरवावा आणि मग वस्त्रे ठरवावीत. क्रम उलटा केला की आकडा हाताबाहेर जातो. भरलेली साडी एका घराने घेतली असेल, तर ती चार घरच्या नवऱ्या मुलींनी नेसण्यात कमीपणा मानू नये. ज्या घरी ही रीत पडते त्या घरी सावकाराचे येणे कमी होते. ज्या बायका घरी बसून टिकल्या टाचण्याचे काम करतात, त्यांस नगास काय मिळते हे घेणाऱ्याने विचारावे, आणि भाव करताना त्यांच्या मजुरीवर सुरी चालवू नये. शाळेच्या वयाचे मूल आरी धरून बसलेले दिसले, तर दाराशी उभे राहून हळहळत न बसता, 1098 ह्या क्रमांकावर फोन करून बालसाहाय्यास कळवावे. आणि मांडवात कोणाच्या अंगावर काय आहे ह्याची मोजदाद करण्याची जी सवय आपणांस आहे, ती सोडावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे सर्वांत कठीण.

“बेगडी” हा शब्द भाषेतून काढून टाकावा असे आमचे म्हणणे नाही. खोटेपणास नाव हवेच, आणि रूढ झालेला शब्द कोणाच्या सांगण्याने मागे फिरत नाही. मात्र तो उच्चारण्यापूर्वी, आपण तो योग्य माणसास लावीत आहो की नाही, एवढे प्रत्येकाने पाहावे. ज्याच्या हाती शिक्का आहे त्यास तो लावावा. जिच्या हाती केवळ कथलाचा वाळा आहे, तिला लावू नये.